तीस मिलिमीटरचे दार

पर्पल मार्टिन हा उत्तर अमेरिकेतील भिंगरीकुळाचा आकाराने सर्वांत मोठा पक्षी असून, रॉकी पर्वतरांगांच्या पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेशात तो आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरट्यांवर अवलंबून आहे. एखाद्या वन्य पक्ष्याची एवढी मोठी संख्या आपल्या वंशवृद्धीसाठी माणसाच्या परसावर विसंबून राहावी, ही पक्षिजगतातील विरळा गोष्ट होय. या अवलंबित्वाचा इतिहास जितका जुना आहे, तितकेच त्यातून उद्‍भवलेले संकट अलीकडचे आहे. युरोपातून आणून सोडलेला स्टारलिंग हा पक्षी हीच घरटी बळकावतो, मार्टिनची अंडी फोडतो, पिले बाहेर फेकतो आणि प्रसंगी प्रौढ पक्ष्यालाही ठार करतो. त्याला रोखण्याचे जे उपाय अमेरिका आणि कॅनडातील पक्षिप्रेमींनी गेल्या काही दशकांत शोधले, त्यांतला सर्वांत परिणामकारक उपाय बंदुकीचा किंवा सापळ्याचा नसून दाराच्या मापाचा आहे, ही या विषयातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

मार्टिन मुळात ढोलीत राहणारा पक्षी. वठलेल्या झाडांत सुतार पक्ष्यांनी कोरलेल्या आणि नंतर सोडून दिलेल्या ढोल्या हे त्याचे नैसर्गिक निवासस्थान होते. पश्चिम अमेरिकेत तो काही ठिकाणी आजही अशा ढोल्यांत घरटी करतो, तर नैर्ऋत्येच्या वाळवंटी भागातील त्याची एक उपजात सग्वारो नावाच्या उंच निवडुंगातील पोकळ्यांत राहते. पूर्वेकडील मार्टिनची सवय मात्र युरोपीय लोक तेथे येण्यापूर्वीच बदलू लागली होती. चिकासॉ, चॉक्टॉ आदी मूलनिवासी जमाती आपल्या वस्तीजवळ वाळवून पोखरलेले भोपळे टांगत असत आणि मार्टिन त्यांत घरटी करीत. हा भोपळा म्हणजे आपल्याकडे ज्याच्यापासून मिरजेचे तंबोरे घडवले जातात, त्याच जातीचे फळ. घिरट्या घालणारे मार्टिन कावळे, ससाणे यांसारख्या पक्ष्यांवर एकजुटीने तुटून पडत असल्याने त्यांची वस्ती जवळ असणे गावालाही सोयीचे होते. पुढे युरोपीय वसाहतकारांनी ही प्रथा उचलली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यापाड्यांतील खाणावळींच्या पाट्यांवरही मार्टिनसाठी पेट्या दिसू लागल्या, अशी नोंद पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनी करून ठेवली आहे. एकीकडे जंगले तोडली गेल्याने वठलेली झाडे नाहीशी होत गेली आणि दुसरीकडे परसातील घरे वाढत गेली. ज्या घरात पक्षी जन्मतो तशाच घराचा तो पुढे शोध घेतो, त्यामुळे काही पिढ्यांतच पूर्वेकडील मार्टिनचा ढोलीशी असलेला संबंध जवळपास तुटला.

या पक्ष्याचा प्रवास ध्यानात घेतल्याशिवाय स्टारलिंगशी त्याचा सामना किती विषम आहे, हे कळत नाही. मार्टिनचा हिवाळा ब्राझील आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो. २००९ साली ब्रिजेट स्टचबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पाठीवर बसवलेल्या अगदी छोट्या प्रकाशमापक नोंदयंत्राच्या साहाय्याने असे दिसून आले की, जाताना ब्राझील गाठण्यास ४३ दिवस घेणारी एक मार्टिन वसंतात केवळ १३ दिवसांत पेन्सिल्व्हेनियात परतली होती. वयस्क पक्षी फ्लोरिडा आणि टेक्साससारख्या दक्षिणेकडील राज्यांत जानेवारीतच पोहोचू लागतात, तर कॅनडात त्यांचे आगमन एप्रिल-मे महिन्यांत होते. या पहिल्या पक्ष्यांना अमेरिकेत ‘स्काउट’, म्हणजे टेहळे, म्हणण्याची पद्धत आहे, परंतु ते कोणासाठीही टेहळणी करीत नाहीत, आपली जुनी जागा इतरांच्या आधी गाठण्याची त्यांना घाई असते एवढेच. मादी बहुधा चार ते सहा शुभ्र अंडी घालते, सुमारे पंधरा ते अठरा दिवसांनी पिले बाहेर येतात आणि आणखी साधारण चार आठवड्यांनी ती उडू लागतात. एका हंगामात बहुतेक जोड्यांची एकच वीण होते. म्हणून वीण उधळली गेली, तर बहुधा ते वर्षच वाया जाते.

स्टारलिंग मात्र अमेरिकेच्या बऱ्याच भागात वर्षभर राहतो किंवा फार दूर जात नाही, हंगामाच्या आरंभीच जागा धरतो आणि अनेकदा दोन विणी काढतो. हा पक्षी मूळचा युरोप आणि पश्चिम आशियातला असून साळुंकीच्याच कुळातला आहे. ६ मार्च १८९० रोजी युजीन शिफेलिन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे साठ स्टारलिंग सोडले आणि पुढल्या वर्षी आणखी चाळीस सोडले. शेक्सपिअरच्या नाटकांत उल्लेखिलेला प्रत्येक पक्षी अमेरिकेत आणावा या हौसेने त्यांनी हे केले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु लॉरेन फुगेट आणि जॉन मॅकनील मिलर या अभ्यासकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, या कथेला समकालीन पुरावा सापडत नाही. परदेशी प्राणी-पक्षी आणून रुजवण्याची त्या काळी एक चळवळच होती आणि शिफेलिन तिचे एक कार्यकर्ते होते, हे कारण पुरेसे आहे. हेतू काहीही असला तरी, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्टारलिंग पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला होता आणि आज तो अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत कोट्यवधींच्या संख्येने आढळतो.

दोन्ही पक्षी लांबीने जवळजवळ सारखे, सुमारे वीस सेंटिमीटरचे, असले तरी घडणीने अगदी वेगळे आहेत. मार्टिनचे शरीर हवेत कीटक पकडण्यासाठी घडलेले आहे. त्याचे पंख लांब, पाय अत्यंत आखूड व दुबळे आणि चोच लहान असते, त्यामुळे अरुंद जागेत लढण्यासाठी त्याच्यापाशी जवळपास काहीच साधन नसते. स्टारलिंग वजनाने जड, छातीने भरदार आणि जमिनीवर चालणारा पक्षी असून, गवताच्या मुळाशी खुपसलेली चोच जोराने फाकवून माती उकलण्याइतके त्याच्या जबड्याचे स्नायू बळकट असतात. नर स्टारलिंग मोकळा खण पाहून त्यात गवत, वाळकी पाने, पिसे भरू लागतो आणि दारात बसून गात मादीला बोलावतो. खणात मार्टिनचे घरटे असले तर तो त्यावरच आपला पसारा रचतो. एका खणावर त्याचे समाधान होतेच असे नाही, शेजारच्या खणांत जाऊन तो तेथील अंडीही फोडतो. या साऱ्यामुळे एखादी सबंध वसाहत विस्कटू शकते.

याला माणसाचा निष्काळजीपणाही तितकाच कारणीभूत ठरला आहे, हे नमूद करणे भाग आहे. १९६० च्या दशकात इलिनॉय राज्यातील ग्रिग्सव्हिल या गावचे उद्योजक जे. एल. वेड यांनी ॲल्युमिनियमची बहुखणी मार्टिन-घरे बाजारात आणली आणि मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो, असा गाजावाजा त्यांच्या विक्रीसाठी झाला. हा दावा चुकीचा होता. मार्टिन दिवसा बऱ्याच उंचीवर चतुर, भुंगेरे, उडत्या मुंग्या असे मोठे कीटक टिपतो, तर डास मुख्यतः तिन्हीसांजेनंतर जमिनीलगत वावरतात. हर्बर्ट केल यांनी १९६८ मध्येच या दाव्याचा सविस्तर प्रतिवाद केला होता. तथापि डासांच्या आशेने हजारो लोकांनी खांब उभारले, ती घरे एकदा वर चढवली की पुन्हा खाली उतरवून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि त्यांतील गोल छिद्रांतून स्टारलिंग व चिमण्या बिनदिक्कत आत शिरल्या. मार्टिनच्या नावाने विकली गेलेली अनेक घरे अशा रीतीने त्याच्या शत्रूंची प्रसूतिगृहे बनली.

अडचण मुळात छिद्राच्या आकाराचीच होती. ब्लूबर्ड या लहान पक्ष्यासाठी पेटी करणाऱ्यांचे काम सोपे असते. सुमारे ३८ मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र ठेवले की ब्लूबर्ड आत जातो आणि जाडजूड स्टारलिंग बाहेर राहतो. मार्टिनच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण ज्या गोल छिद्रातून मार्टिन आरामात जाऊ शकतो, त्यातून स्टारलिंगही जातो. पारंपरिक मार्टिन-घरांचे छिद्र सुमारे ५४ मिलिमीटरचे असे. ते कितीही काळजीपूर्वक लहान केले तरी दोन्ही पक्ष्यांना एकाच वेळी अडथळा होतो. तेव्हा प्रश्न छिद्र किती मोठे असावे हा नव्हता, ते कोणत्या आकाराचे असावे हा होता.

हे सूत्र कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील चार्ल्स मॅक्युएन यांनी पकडले. मार्टिन छाती जमिनीला टेकवून, आखूड पायांवर सरपटत जाऊ शकतो. स्टारलिंगच्या शरीराची खोली, म्हणजे पाठ आणि छाती यांमधील अंतर, अधिक असल्याने तो कितीही वाकला तरी एका मर्यादेपलीकडे चपटा होऊ शकत नाही. म्हणून मॅक्युएन यांनी गोल छिद्राऐवजी तळाशी सपाट आणि वर कमानदार असे अर्धचंद्राकृती दार सुचवले. त्याची रुंदी सुमारे ७६ मिलिमीटर आणि उंची अवघी ३० मिलिमीटर असते. मार्टिनला आडवी जागा भरपूर मिळते, स्टारलिंगला मात्र उंची पुरत नाही. या प्रकारच्या दारांना ‘स्टारलिंग-प्रतिरोधक प्रवेशछिद्र’ असे म्हणतात. यातील ‘प्रतिरोधक’ हा शब्द काटेकोरपणे घेतला पाहिजे, कारण असे दार स्टारलिंगला पूर्णपणे अडवतेच असे नाही, आणि अंगाने बारीक असलेला एखादा स्टारलिंग क्वचित आत घुसतोच. पुढे या कल्पनेवरून आयताकृती, दोन्ही टोके गोलाकार असलेली, मधोमध खाच असलेली अशी अनेक दारे निघाली. त्या सर्वांत उंचीचे मर्यादित माप मात्र तेच राहिले.

या मापाबाबत कसलीही सूट घेता येत नाही. उंची ३० ऐवजी ३२ मिलिमीटर झाली की दाराचा उपयोग बराचसा संपतो. लाकूड फुगले, करवतीने थोडे जास्त कापले गेले किंवा पक्ष्यांच्या ये-जा करण्याने कड झिजली, तरी एवढा फरक सहज पडतो. जाणकार लोक त्यामुळे घरी कापलेल्या लाकडी दारापेक्षा धातूची किंवा टणक प्लॅस्टिकची तयार पट्टी बसवणे पसंत करतात आणि दरवर्षी ती मोजून पाहतात. दाराची जागाही तितकीच महत्त्वाची असते. त्याची खालची कड बाहेरील सज्जाच्या तळापासून साधारण १२ मिलिमीटरहून उंच असू नये, कारण दार सज्जापासून वर गेले की स्टारलिंगला अंग तिरपे करून आत ढकलण्यास वाव मिळतो. सज्जाला चिकटलेल्या दारात मात्र त्याचे लांब पायच त्याच्या आड येतात.

तांत्रिक उपाय म्हटला की त्याचे स्वतःचे दोष येतातच. अरुंद दारात एकाच वेळी दोन मार्टिन शिरू पाहत असता किंवा भांडणात एखादा मागे सरत असता पंख अडकून पक्षी जायबंदी झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून नव्या रचनांत पंख अडकण्याची फट राहू नये यासाठी दाराच्या आत-बाहेर संरक्षक पट्ट्या बसवतात. दुसरी अडचण स्वभावाची आहे. गोल दाराच्या घरात वाढलेले मार्टिन अचानक बदललेले दार पाहून बिचकतात आणि कधी वसाहतच सोडून जातात. यावर अनुभवातून सापडलेला मार्ग असा की, जुन्या वसाहतीत हंगामाच्या आरंभी दारे बदलू नयेत. जोड्या घरटे बांधून अंडी घालीत किंवा पिलांना भरवीत असताना काही खणांचे दार बदलावे, कारण अंड्यापिलांची ओढ एकदा लागली की पक्षी थोडी गैरसोय सोसून आत जाण्याची रीत शिकतो आणि पुढील वर्षी त्याच दाराशी परत येतो.

दारापाठोपाठ खणाच्या खोलीचा विचार येतो. जुन्या घरांतील खण सुमारे पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद असत, आता त्यांची खोली दुप्पट, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर, ठेवण्याची शिफारस केली जाते, जेणेकरून घुबडाचा पंजा किंवा पाऊस मागच्या कोपऱ्यातील घरट्यापर्यंत पोहोचत नाही. घर साडेतीन ते सहा मीटर उंच खांबावर, झाडांपासून निदान बारा मीटर दूर, मोकळ्या जागेत असावे लागते, आणि साप व रकून नावाचा झाडावर चढणारा सस्तन प्राणी यांना थोपवण्यासाठी खांबाला पत्र्याची झडप लागते. या सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे कप्पी आणि दोरी. घर आठवड्यातून एकदा खाली उतरवून खण तपासता येत नसतील, तर उत्तमातले उत्तम दारही अपुरे पडते. माणसाचा हात लागला की पक्षी घरटे टाकून देतात, हा समज मार्टिनच्या बाबतीत खोटा आहे. तपासणी करून घर पुन्हा जागेवर चढवले की ते काही मिनिटांत परततात.

तपासणीत काय पाहायचे, हे अंड्यांच्या रंगावरून कळते. मार्टिनची अंडी पांढरीशुभ्र असतात, स्टारलिंगची फिकट निळसर, आणि पांढुरक्या कवचावर तपकिरी ठिपके दिसले तर ती चिमणीची समजावीत. यातील चिमणी म्हणजे आपल्या अंगणातली घरचिमणीच. १८५० च्या दशकाच्या आरंभी ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मुद्दाम सोडली गेली आणि आज मार्टिनपालक तिला स्टारलिंगइतकीच धास्तावून असतात, कारण ती मार्टिनपेक्षा बरीच लहान असल्याने कोणतेही दार तिला अडवू शकत नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिन पाळला जातो आणि महाराष्ट्रात घरोघर चिमण्यांसाठी पेट्या लावल्या जातात. त्याच चिमणीची घरटी अमेरिकेत पेटीतून उपसून टाकणे हे पक्षिरक्षण ठरते. यात विसंगती नाही, जागा बदलली की पक्ष्याची भूमिका बदलते एवढाच याचा अर्थ. खुद्द स्टारलिंगचेच पाहावे. ब्रिटनमध्ये त्याची संख्या इतकी घसरली आहे की, तेथे तो चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. आणि भारतीयांनी फार दूर न पाहता आपली साळुंकी आठवावी. १८६२ मध्ये ती ऑस्ट्रेलियात नेली गेली आणि आता तेथे ढोल्यांसाठी स्थानिक पक्ष्यांशी झगडते. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत तीनच पक्षी आहेत आणि ते म्हणजे स्टारलिंग, साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल.

स्टारलिंगला मारणे योग्य की अयोग्य, या प्रश्नाला बगल देता येत नाही. अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने मार्टिनला संरक्षण दिले आहे, तर स्टारलिंग व घरचिमणी हे परके पक्षी त्या संरक्षणाबाहेर आहेत, म्हणून त्यांची घरटी काढणे, त्यांना सापळ्यात पकडणे किंवा मारणे तेथे संघराज्याच्या या कायद्याविरुद्ध ठरत नाही. अनेक मार्टिनपालक खणात बसवलेल्या सापळ्याने स्टारलिंग पकडतात आणि नष्ट करतात. त्यांची बाजू अशी की, ज्या पक्ष्याला माणसाने आणले त्याचा बंदोबस्तही माणसानेच केला पाहिजे. या युक्तिवादात तथ्य आहे, परंतु त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. कोट्यवधींच्या संख्येतून एका परसातले दहा-वीस पक्षी मारल्याने त्या जातीला काहीच फरक पडत नाही आणि रिकामा झालेला खण दुसरा स्टारलिंग काही दिवसांत व्यापतो. दार बंद असेल तर मारण्याची वेळच क्वचित येते. तेव्हा सापळा हा दाराला पूरक उपाय होऊ शकतो, दाराचा पर्याय मात्र होऊ शकत नाही, असेच म्हणावे लागते.

योजनापूर्वक लावलेली घरटी किती काम करू शकतात, याचे उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वठलेली झाडे नाहीशी झाल्याने आणि उरलेल्या ढोल्या स्टारलिंग व चिमण्यांनी व्यापल्याने १९८० च्या दशकात मार्टिनच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जोड्या उरल्या होत्या. स्वयंसेवकांनी समुद्रकाठच्या पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर पेट्या बसवल्या. उघड्या पाण्यावरील या जागा स्टारलिंगला फारशा रुचत नाहीत. त्यानंतरच्या दशकांत तेथील जोड्यांची संख्या शेकड्यांत आणि पुढे हजाराच्या घरात गेली.

न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरामागे मोकळे परस असते आणि त्यांपैकी काहींना मार्टिन-घर उभारण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. त्यांनी घर विकत घेताना रंग आणि नक्षी पाहण्याआधी दाराची उंची मोजावी, खांबाला कप्पी आहे याची खात्री करावी आणि पहिल्या वर्षी एकही मार्टिन आला नाही तरी स्टारलिंगला व चिमणीला आत राहू देऊ नये. एखादे घरटे काढण्यापूर्वी ते नेमके कोणाचे आहे हेही तपासावे, कारण या खणांत कधीकधी ट्री स्वालो किंवा ब्लूबर्ड हे स्थानिक पक्षीही उतरतात आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. शरदात मार्टिन दक्षिणेकडे निघून गेल्यावर खण साफ करून दारे बंद ठेवावीत. ज्यांना आठवड्याला अर्धा तास देणे जमणार नसेल, त्यांनी खांब उभारूच नये, कारण देखरेखीविना उभे असलेले गोल दारांचे घर दरवर्षी स्टारलिंगांचीच संख्या वाढवत राहते.